चेअरमनच्या डोक्यावरची बाग

किस्से काही आपण गोळा करायला जात नाही, बैन. पानगळीत गच्ची कशी असते? सकाळी झाडून घ्या, खाली जाऊन चहा प्या, वर या, पुन्हा तेवढाच ढीग! आमचंही तसंच. एका गोष्टीवर हसून पोट दुखायचं थांबत नाही तोवर दुसरी येऊन पडलेली.

आम्ही म्हणजे तिघी. मी शकू, अमळनेरकडची, चौथी पास. पास म्हणजे मास्तर कंटाळले म्हणून! मालक लूमवर होते, त्यांच्यामागं सुरतला आले त्याला चाळीस वर्षं झाली. दुसरी हंसाबेन, पक्की सुरती, माझ्या समोरच्या दारातली. तिसरी पुष्पा, अकोल्याची. घरी बसून साड्यांचे धागे कापते आणि कापता कापता बोलते. धागे संपतात, बोलणं नाही.

उधन्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आम्ही तिघींनी साठेक कुंड्या, डबे, फुटके टब मांडलेत. गावची जमीन कधीच गेली. आता हाताला माती लागते ती तेवढीच.

आणि बागेच्या बरोब्बर खाली, चौथ्या मजल्यावर, चेअरमन जयसुखभाई!

संक्रांत झाली, पतंग उतरले आणि जयसुखभाईंनी लिफ्टजवळ नोटीस लावली. त्यांच्या हॉलच्या छताला ओल आली, कारण काय तर आमच्या कुंड्या. होळीच्या आत गच्ची रिकामी करा, नाही तर सगळं भंगारात!

पुष्पा रडकुंडीला आली. "मावशी, आता काय करायचं वं?"

मी म्हटलं, "करायचं काय? थंडी संपत आली. छाटणी करायची, खत घालायचं, बी टोचायचं. होळीला चांगला दीड महिना आहे!"

*

छाटणीला पहिला नंबर हंसाबेनच्या मोगऱ्याचा. थंडी सरताना मोगरा निम्मा कापावा, जुनी पानं ओरबाडावीत, तेव्हा कुठं उन्हाळ्यात फुलतो. पण हा मोगरा तिच्या मिस्टरांनी लावलेला. ते गेले, मोगरा राहिला. कात्री दिसली की ही कुंडीला मिठी मारायची!

मी म्हटलं, "हंसा, खालून जळल्याचा वास येतोय. गॅस बंद केला होतास ना?"

बाई पळाली. चार मजले उतरून, गॅस बघून, धापा टाकत वर आली तोवर माझं काम झालेलं. कुंडीत नुसत्या काड्या!

"शकु! तें तो एने टकलो करी नाख्यो!"

झालं! तोंड फिरवलं ते फिरवलंच. लिफ्टमध्ये मी शिरले की ही बाहेर. तीन आठवडे.

मग एक दिवस दार वाजलं. हंसाबेन. मनगट धरून मला ओढत गच्चीवर नेलं. बघते तर काडीकाडीला कोवळी पालवी आणि मधूनमधून टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या! ती बघत राहिली. डोळे पुसून म्हणाली, "शकु, हवे रविवारे मारा टकला जमाई आवे छे. एना माथा पर पण हाथ फेरवजे!"

*

मग खत. चलथाणकडून पुष्पाच्या नवऱ्यानं, विलासनं, साखर कारखान्यातली मळी आणून दिली. उसाचा रस गाळल्यावर काळा गाळ उरतो ना, ती. झाडाला अमृत! पण वास... विचारू नका.

दोन गोण्या लिफ्टमध्ये घातल्या, वर चादर टाकली आणि दार बंद होणार तेवढ्यात जयसुखभाई आत!

"मासी, आ शेनी वास आवे छे?"

मी पदर नाकाला लावला. "भाई, गटार तुंबलं वाटतं हो! चेअरमन असून लक्ष नाही तुमचं?"

बिचाऱ्यांनी त्याच दिवशी गटारवाला बोलावला. त्यानं सगळी झाकणं उघडली, बांबू घातला. कुठं काही नाही. मग तो माणूस हुंगत हुंगत जिना चढला तो थेट आमच्यासमोर उभा. मी म्हटलं, मेलो आता!

त्यानं चिमूटभर मळी बोटावर चोळली आणि एकदम हसला. "माताजी, ये तो शुगर मिल का खाद है! एक घमेला हमको भी दो, घर पे भिंडी लगाई है."

दिलं. घमेलं डोक्यावर घेऊन तो खाली गेला आणि जयसुखभाईंना म्हणाला, "साब, आपकी गटर एकदम क्लियर है. बदबू हम साथ ले जा रहे हैं!"

*

आता पुष्पाचं ऐका. दुधीचं बी लावायचं होतं. हिची तोंडाची मशीन चालू. माझं डोकं उठलं. मी गंभीर चेहरा केला.

"पुष्पे, आमच्या खानदेशात दुधीचं बी टोचलं की लावणारीनं तीन दिवस बोलायचं नसतं. बोललं की बी घाबरतं, वर येत नाही."

"बाप्पा! नवऱ्याशी पण नाही?"

"त्याच्याशी तर मुळीच नाही!"

हिनं खरं मानलं हो! तीन दिवस बिल्डिंगमध्ये अशी शांतता, की समोरच्या कारखान्यातले लूम एक एक करून ऐकू यायला लागले. हंसाबेन तर पुष्पाच्या कपाळाला हात लावून ताप बघून आली.

चौथ्या दिवशी सकाळी विलास माझ्या दारात. मी घाबरले. म्हटलं, भांडायला आला. तर इकडं तिकडं बघत हळूच म्हणतो, "मावशी, कारल्याचं बी असेल तर तेही द्या ना तिला!"

*

टमाट्याला तेव्हा फळं लटकलेली. काड्यांना बांधायला सुतळी नव्हती. पुष्पानं घरची पिशवी आणली, साड्यांच्या काठांचे उरलेले तुकडे. हिरवे, राणी, जांभळे, सगळे जरीचे! सगळी टमाटी बांधून झाली आणि गच्ची अशी झगमगायला लागली की विचारू नका.

तेवढ्यात पापड वाळवायला मंजुलाबेन वर आली. ही जयसुखभाईंची बायको. थबकलीच!

"मासी, टामेटानां लगन छे के शुं?"

"हो तर! तुम्ही नवरीकडच्या. या, बसा."

खूप हसली. जाताना मी तिच्या पदरात पाच-सहा लाल टमाटी घातली. दोन पायऱ्या उतरून ती परत आली आणि कानाशी म्हणाली, "एमने ना कहेता हं!"

नवऱ्याला सांगू नका म्हणे! मी कशाला सांगतेय? त्याच रात्री म्हणे त्यांनी शेव-टमाट्याची भाजी दोनदा मागून खाल्ली!

*

असं करता करता होळी आठवड्यावर आली. जयसुखभाईंनी मिटिंग ठेवली, त्यांच्याच हॉलमध्ये, ओलीच्या डागाखाली. सगळ्यांनी डोळ्यांनी बघावं म्हणून. मिटिंगमध्ये एकदा ठराव झाला की दुसऱ्याच दिवशी भंगारवाला येणार. हंसाबेननं जेवण सोडलं. मोगरा घरात न्यायचा म्हटलं तर तिच्या घरी ऊनच येत नाही.

पण मिटिंगच्या चार दिवस आधीची गोष्ट आधी सांगते.

गच्चीच्या कोपऱ्यात जयसुखभाईंची स्वतःची एक जुनी लोखंडी टाकी आहे. सोसायटीनं खासगी टाक्या बंद करायला लावल्या त्याला पाच वर्षं झाली. बाकीच्यांनी काढल्या. यांची तशीच. विचारलं की म्हणायचे, "सूकी छे, मासी, एकदम सूकी." आणि त्या सुक्या टाकीच्या बुडाशी भर फेब्रुवारीत शेवाळ हिरवंगार! कोरड्यावर शेवाळ धरत नाही, एवढं चौथीपर्यंत मलाही शिकवलं होतं.

बारडोलीच्या रस्त्याला केसुडा फुलला होता. केसुडा म्हणजे आपला पळस. होळीला इथं त्याच्या पाण्यानं आंघोळ घालतात, अंगाला चांगलं. मी आणि हंसाबेननं पिशवीभर फुलं आणली, उकळली, चिमूटभर चुना टाकला, गाळली. केशरी रंग, असा की बघत राहावं! दुसऱ्या बादलीत नीळ कालवली.

दुपारी दोनला अख्खं सुरत झोपतं. दोन्ही बादल्या घेऊन आम्ही वर. कुंड्यांखालच्या फरशीवर निळीचं पाणी ओतलं, चार दिवस रोज. कुंड्यांतून पाणी खाली जात असेल तर डाग निळा होईल! आणि केशरी बादल्या... त्या गेल्या कोपऱ्यातल्या त्या सुक्या टाकीत.

रविवारी हॉल गच्च भरला. जो तो बसायला जागा शोधत होता, आणि जयसुखभाईंना तो डाग रोजचाच; वर कोण बघतंय! मी मान वर केलीच नाही. आधी हात वर केला.

"भाई, रजिस्टरात लिहा. कुंड्यांमुळं ओल असेल तर बाग उद्या काढू. नसेल तर बाग कायम, आणि पुन्हा नोटीस नाही."

"लखो, लखो!" जयसुखभाई खुशीत.

"आणि हेही लिहा, कोपऱ्यातली टाकी बंद आहे."

"पाच वरसथी बंद!" म्हणाले आणि झोकात सही ठोकली.

मग मी म्हटलं, "आता सगळ्यांनी वर बघा."

सगळ्यांनी वर बघितलं. निळा ठिपकासुद्धा नाही. डाग केशरी, झेंडूसारखा केशरी! हंसाबेननं पुष्पाचा हात घट्ट धरला. पुष्पा जन्मात दुसऱ्यांदा गप्प होती.

"आ... आ तो कलर जूनो छे," जयसुखभाई चाचरले.

तेवढ्यात मंजुलाबेन पाण्याचा ट्रे घेऊन आली. तिनं वर बघितलं, नवऱ्याकडं बघितलं आणि भरल्या हॉलमध्ये मोठ्यानं म्हणाली, "लो! चार दिवसथी एमनी बधी गंजी पण आवीज केसरी थाय छे! रोज कहुं छुं, उपरनी नहावानी टांकी साफ करावो!"

आणि ट्रेमधला पहिला ग्लास तिनं मला दिला.