आधी लाल बटण, मग बाई

वर्कशॉप शिकवणाऱ्या बाईंना मुलं मागून 'लाल बाई' म्हणायची, आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. दरवर्षी पहिल्याच तासाला त्या लेथ मशीन चालू करून "आई गं, हात!" अशी किंकाळी फोडायच्या. सगळा वर्ग त्यांच्याकडे धावायचा. मग धडधाकट हात नाचवत त्या म्हणायच्या, "माझ्या तोंडाकडे काय बघताय? मशीन अजून फिरतंय! आधी लाल बटण, मग बाई."

वीस वर्षं हे नाटक बिनबोभाट चाललं. यंदा मात्र घाईघाईत त्यांच्याच ॲप्रनची नाडी पुढे लोंबत राहिली आणि नाटक संपतंय तोच फिरत्या मशीनने ती ओढून घेतली. बाई खेचल्या गेल्या, पण तोंडातून आवाज फुटेना.

शेजारी उभी असलेली एक अबोल मुलगी बाईंकडे न बघता थेट भिंतीवरच्या लाल बटणावर झेपावली. मशीन थांबलं, तेव्हा बाईंचा हात जेमतेम वीतभर लांब होता.

"लागलं का हो, बाई?" तिने मग विचारलं.

"नाही. आणि अगदी वेळेवर विचारलंस," कात्रीने नाडी कापत बाई म्हणाल्या. "या रे सगळे जवळ. माझं काय चुकलं, सांगा बघू. लाजू नका, आज मीच धडा आहे."