सात आणि आठ नंबरचे स्फटिक

गटातली एक संशोधक त्यांची सख्खी भाची, म्हणून सगळी प्रयोगशाळाच त्यांना मामा म्हणायची. मामा शास्त्रज्ञ नव्हते, मोजणीचे तंत्रज्ञ होते. गटाची दुर्बीण अवकाशात जाण्याआधी तिच्या बाराही स्फटिकांसमोर किरणोत्सारी नमुना धरून, कुठल्या कोनातून किती गॅमा किरण पकडले जातात याचा तक्ता त्यांनी चार महिने डोळ्यांत तेल घालून भरला होता. पोरं म्हणायची, "मामा साखरसुद्धा तीनदा मोजतात, मग सरासरी काढून ढवळतात."

दूर कुठेतरी तारा कोसळला की गॅमा किरणांचा लोट येतो, तो काही सेकंदच. बारा स्फटिकांची तोंडं बारा दिशांना. कुणी किती किरण पकडले यावरून स्फोटाची जागा ठरते. ती कळवली की दूरदेशी डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणी तिकडे वळून मागे उरलेला मंद उजेड शोधतात. तीन वर्षं त्यांना बहुतेकदा नुसता काळोख दिसला होता. भाचीचा प्रबंध त्यावरच होता: उजेड न सोडणारे स्फोट. गुरुवारी तो द्यायचा होता.

सोमवारी कपाट आवरताना मामांच्या हाती जुनी वही लागली. उड्डाणाच्या आठवडाभर आधी केबल अपुरी पडली, म्हणून सात आणि आठ नंबरच्या स्फटिकांच्या जागा बदलल्या होत्या. नोंद त्यांच्याच अक्षरात होती. तक्त्यात ती उतरवायची राहून गेली होती. दोन्ही शेजारी, म्हणून चूक पाच-सहा अंशांचीच. पण डोंगरावरची दुर्बीण तेवढ्यानं चुकते.

"तुझ्या स्फोटांना उजेड होता गं," ते भाचीला म्हणाले. "आपणच भलतीकडे बघत होतो."

"चेष्टा करतोयस ना?"

त्यांनी वही पुढे केली. तिनं वाचली, मिटली.

"कुणाला बोललास?"

"तुलाच."

"मग गुरुवारपर्यंत तोंड शिवून बस. पाच वर्षांची माती होईल रे माझ्या."

मामांनी मान डोलावली. पोटच्या पोरीसारखी वाढवलेली ती; नाही कसं म्हणणार?

दुपारी पडद्यावर लाल पट्टी उमटली. नवा स्फोट, आणि पाळी भाचीची. संगणकानं जागा काढून ठेवली होती, फक्त पाठवायची होती. मामा मागे उभे राहिले. दिला शब्द पाळत एक अक्षर बोलले नाहीत. तिची बोटं कळफलकावर अडली.

"सात आणि आठ. नक्की?"

"नक्की."

तिनं तक्त्यातले दोन रकाने आपसात बदलले, जागा पुन्हा काढली आणि पाठवली.

बावीस मिनिटांनी डोंगरावरून फोन आला; तिकडे रात्र होती. "सापडला! अगदी मधोमध! आज काय जादू केलीत?"

खोलीत टाळ्या पडल्या. कुणी मामांच्या पाठीवर थाप मारली. भाची मात्र जुने स्फोट एकेक करून नव्या तक्त्यातून काढत होती. पहिला पाच अंश सरकला. दुसरा सहा. नवव्यापाशी ती थांबली आणि मार्गदर्शकांना एक ओळ लिहिली: गुरुवारी प्रबंध देत नाही.

"घरी जा, मामा," ती मान न वळवता म्हणाली. "आणि आईला काही बोलू नकोस. माझं मी सांगेन."

मामा घरी गेले नाहीत. वही काखेत धरून त्यांनी विभागप्रमुख बाईंचं दार वाजवलं. आत बाई हसतच उठल्या, अभिनंदनाला हात पुढे करत.