सुब्राया हेगडेचं नाक

बाळेगद्देत सुब्राया हेगडेबद्दल विचारलं तर लोक आधी त्याच्या नाकाबद्दल सांगायचे. नाक दिसायला काही खास नव्हतं. जरा बसकं, वर देवीचा एक वण. पण अप्पेमिडीच्या, म्हणजे लोणच्याला लागणाऱ्या बाळकैरीच्या, आंब्याचं एक पान चुरगळून त्याच्याखाली धरलं की या झाडाच्या बाळकैऱ्यांना जिऱ्याचा वास येईल की कापराचा, की नुसतंच आंबट लाकूड निघेल, ते सुब्राया डोळे मिटून सांगायचा. त्या मुलखात लोणच्याला नुसती कैरी चालत नाही, वासाची लागते. त्यामुळे मोसम आला की शिरसीपर्यंतची माणसं पिशवीतून पानं घेऊन हेगडेंच्या ओटीवर येऊन बसायची.

बाकी त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं फारसं नव्हतं. लग्न जमलं नाही. पोफळीच्या बागेकडे बघून लोक मुली द्यायला तयार होते तेव्हा त्याला घाई नव्हती, आणि त्याला घाई झाली तेव्हा मुली बंगळूरला निघून गेल्या होत्या. बाग, सोसायटी, कामाची माणसं हे सगळं धाकटा भाऊ श्रीपाद बघायचा. घर भावजय नागवेणी बघायची. सुब्राया जंगल बघायचा. घरात त्याचा उपयोग काय, तर नाक. असं कोणी कधी बोललं नव्हतं. पण त्याला ते पक्कं ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्यावरच तो ताठ मानेनं दोन वेळा जेवायला बसायचा.

हे नाक दोन वर्षांपूर्वी गेलं.

म्हणजे जागेवर होतं, पण चालत नव्हतं. ताप आला, आठवडाभर राहिला, उतरला, आणि जाताना वास घेऊन गेला. आधी सुब्रायाला वाटलं, श्रीपादनं कॉफीची पूड हलकी आणली. मग वाटलं, मोगरा यंदा नुसता दाखवायला फुललाय. मग एका सकाळी गोठ्यात उभं असताना त्याच्या लक्षात आलं की आपल्याला गोठ्याचासुद्धा वास येत नाहीये. तो तिथंच वैरणीवर बसला. म्हैस त्याच्याकडे बघत राहिली. म्हशीला कळलं असेल तर असेल, माणसांपैकी कोणाला त्यानं कळू दिलं नाही.

निभावून गेलं. घरचं लोणचं ओढ्यावरच्या जुन्या झाडाचं, ते आजाच्या वेळेपासून ठरलेलं. त्याला हुंगायचं काय! लोकांच्या पानांचं म्हणाल तर झाड कुठलं, पाणी किती लांब, साल कशी, एवढं बोलता बोलता विचारून घ्यायचं आणि पान नाकाला लावून उत्तर द्यायचं. उत्तर बहुतेक बरोबर यायचं. जन्मभर नाकानं जे कमावलं होतं, ते तो आता बसून खात होता.

पण गेल्या पावसाळ्यात जुनं झाड मुळासकट ओढ्यात गेलं.

"अण्णा, आता नवं झाड तूच शोध," श्रीपाद म्हणाला. "तू म्हणशील त्याच्या बाळकैऱ्या उतरवू."

"बघू," असं म्हणून सुब्राया ताट अर्धं टाकून उठला. नागवेणीला वाटलं, झाडाचं दुःख झालंय.

यंदा थंडी लांबली आणि मोहोर उशिरा आला, म्हणून कैऱ्या धरायच्या वेळी शाळांना सुट्टी लागली होती. श्रीपादची नात सिंचना परीक्षा आटपून बंगळूरहून आली. बारा वर्षांची, काटकुळी, आणि एका वाईट खोडीसाठी घरात प्रसिद्ध. ती हुंगायची. घास, वही, टॉवेल, पाहुण्यांनी आणलेले पेढे, एकदा तर पाहुण्यांच्या चपला. आईनं रागावून पाहिलं, समजावून पाहिलं, डॉक्टरलाही दाखवलं. डॉक्टर म्हणाले, नाक उत्तम आहे.

"घराण्यात एक होता, तो पुरे नव्हता," नागवेणी म्हणाली आणि तिनं नातीच्या हातातली हिंगाची डबी काढून घेतली.

सुब्रायानं हे ओटीवरून ऐकलं. दुसऱ्या दिवशी जंगलात निघताना तो सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, "पुट्टी, येतेस? पिशवी धरायला कोणीतरी पाहिजे."

पिशवी रिकामी होती. पण सिंचनानं ती धरली.

ओढ्याच्या काठानं दोघं वर वर गेले. पहिलं रानआंब्याचं झाड आल्यावर सुब्रायानं पान चुरगळलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले, मान हलवली. मग पान तिच्या हातात दिलं. "सांग बघू कशाचा वास?"

"जिऱ्याचा. पण भाजलेल्या नाही, कच्च्या. आणि मागून थोडा रॉकेलसारखा."

"बरोबर," सुब्राया म्हणाला. "रॉकेल असेल तर सोडायचं."

अशी त्याची युक्ती होती. मास्तरानं परीक्षा घ्यायची आणि उत्तर विद्यार्थ्याकडूनच शिकायचं. सिंचनाला तर स्वर्गच मिळाला. ज्या खोडीसाठी बारा वर्षं बोलणी खाल्ली, तिच्यासाठी इथे मोठा माणूस "बरोबर" म्हणत होता. रोज सकाळी ती त्याच्याआधी तयार असायची.

चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं स्वतः एक पान चुरगळून या थोरल्या आजोबांपुढे केलं. "दोड्डज्जा, याला कापूर आहे ना रे?"

सुब्रायानं नेहमीसारखा वेळ घेतला. "आहे. थोडा आहे."

तिनं त्याच्याकडे बघितलं आणि पान टाकून दिलं. त्या पानाला कापूर नव्हता. पण हे सुब्रायाला कळायला बरेच दिवस गेले.

त्या दिवसापासून तिनं एक नवीनच सुरू केलं. विचारल्याशिवाय सांगायची. "दोड्डज्जा, इथून उदमांजर गेलंय, भाताच्या पेजेसारखा वास सुटलाय." "हा दगड वरून गरम वास मारतो आणि खालून थंड." "सुरंगी कुठेतरी फुललीय, पलीकडच्या अंगाला. गोड आहे, पण डोकं चढवणारी." सुब्रायाला आधी वाटलं, पोरगी बडबडी आहे. मग त्याच्या लक्षात आलं की ती थोडा वेळ गप्प राहिली की आपण कान देऊन वाट बघतो. दोन वर्षं त्याचं जंगल कॅलेंडरवरच्या चित्रासारखं झालं होतं. आता ते पुन्हा थोडं थोडं ओलं होत होतं. त्याच्या मोबदल्यात त्यानं तिला धनेशाच्या पंखांचा आवाज लांबून ओळखायला शिकवलं, शेकरूचं घरटं कुठल्या फांदीवर असणार ते आधी सांगून मग दाखवलं. ही पोर जूनमध्ये परत जाणार, या विचारानं जेवताना त्याचा घास ताटातच राहायचा. वयाच्या पासष्टीला हे असं काहीतरी होईल, याची त्याला कल्पना नव्हती.

झाड मिळालं ते ओढ्याच्या वळणावर, वेळूच्या बेटामागे. जुनं, वाकडं, एक फांदी पाण्यावर. सिंचनानं एका बाळकैरीचा देठ मोडला. चीक उडाला. तिनं हुंगलं आणि ती मुळावर बसली.

"सांग ना," सुब्राया म्हणाला. परीक्षा घ्यायचं तो विसरला होता.

"हेच," ती म्हणाली. "दुसरं बघायला नको."

दोन दिवसांनी कामाचा गडी बीरा गौडा झाडावर चढला. अप्पेमिडी उतरवायची म्हणजे देवाच्या मूर्ती उतरवाव्यात तशी. देठासकट खुडायची, पिशवीत ठेवायची, पिशवी दोरानं खाली सोडायची. जमिनीवर पडलेली एकही घ्यायची नाही. पडलेली वरून धड दिसते, आतून दुखावलेली असते, आणि मिठात गेली की सगळी बरणी नासवते. या एका नियमापायी सुब्रायानं आजवर कितीतरी गड्यांना शिव्या घातल्या होत्या, आणि एकदा सख्ख्या मामाला.

बीराच्या हातून एक निसटली. एका देठाला दोन, जुळी. पाचोळ्यावर पडली. सिंचनानं धावत जाऊन ती ओंजळीत आणली.

"दोड्डज्जा, ही घेऊ या ना. बघ, कुठ्ठे लागलेली नाही."

सुब्रायानं जुळी कैरी फिरवून बघितली. मग सिंचनाचं तोंड बघितलं. मग कैरी धोतराला पुसून पिशवीत टाकली. वर झाडावर बीराचा हात थांबला. पण मालकाला सांगणार कोण?

नागवेणीनं दोन बरण्या भरल्या. मिठाला पाणी सुटलं, कैऱ्या सुरकुतल्या, आणि मे महिन्यात एका दुपारी मसाला घालायच्या आधी बरण्या उघडायचं ठरलं. वाडीतले चार लोक आलेच. त्यांत विघ्नेश्वर भट होते, जे नावाला जागायचे. पंचायतीत असल्यामुळे त्यांना ओढ्यावर साकव बांधायचा होता, आणि तो नेमका त्याच वळणावर.

रीत अशी होती की बरणीचं फडकं सोडायचं, पहिला वास सुब्रायानं घ्यायचा, आणि तो बोलेपर्यंत बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. नागवेणीनं फडकं सोडलं. तिचा चेहरा कसनुसा झाला. श्रीपाद अर्धा पाऊल मागे सरकला. भटांनी उपरणं नाकाला लावलं. पण रीत म्हणजे रीत, कोणी बोललं नाही.

सुब्राया वाकला, डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला.

"वा!" तो म्हणाला. "अशी अप्पेमिडी आमच्या आजानंसुद्धा बघितली नसेल."

खोलीत मेलेल्या उंदरासारखा वास पसरला होता. सुब्रायानं डोळे उघडले, सगळ्यांची तोंडं बघितली, आणि त्याला कळलं.

तेवढ्यात सिंचना घुसली. तिनं बरणीवर वाकून डोकं जवळजवळ आत घातलं आणि चांगला छाती भरून श्वास घेतला. वर आली तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"वा," ती म्हणाली.

विघ्नेश्वर भट आधी खोकले, मग हसले. "अहो मारायरे, हेगडेंच्या घरातली दोन्ही नाकं एकदमच बसली की! नात म्हणे वास घेत आजोबांबरोबर झाडं बघते! बंगळूरच्या गटारावर वाढलेलं नाक, दुसरं काय निवडणार? बरं झालं. श्रीपादा, ते वळणावरचं झाड आता साकवाला आडवं येत नाही. उद्या माणसं लावतो."

"तोडा," श्रीपाद ओशाळून म्हणाला. "काय उपयोग त्याचा?"

सुब्रायानं सिंचनाकडे बघितलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. एक शब्द बोलली असती तर तिचं नाक वाचलं असतं, झाड वाचलं असतं. ती बोलत नव्हती. कापराचं ते पान सुब्रायाला तेव्हा आठवलं, आणि ही पोर इतके दिवस आपल्याला वास का सांगत होती ते सगळं एकदम उलगडलं.

"झाडाला हात लावायचा नाही," तो म्हणाला. आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "माझं नाक दोन वर्षांपूर्वीच गेलंय. मला काही वास येत नाही. झाड हिनं निवडलं. बरणी मी नासवली, पडलेली कैरी घातली म्हणून. आणि आत्ता ही जे 'वा' म्हणाली ना, ते माझी लाज राखायला."

नागवेणीनं नासलेल्या बरणीवर फडकं टाकलं. मग तिनं विचारलं, "म्हणजे भावोजी, शिवरात्रीला गॅस गळत होता, तेव्हा तुम्ही त्याच्याशेजारी बसून सुपारी कातरत होता, ते..."

"हो."

"आणि मी म्हटलं, काय धीराचा माणूस आहे!"

"दुसरी बरणी उघड," सुब्राया म्हणाला.

दुसरीचं फडकं सुटलं. सुब्रायाच्या नाकात फक्त मिठाचं पाणी चुरचुरलं. पण तो आता चेहऱ्यांकडे बघत होता. नागवेणीचा हात फडक्यासकट हवेतच राहिला. श्रीपाद लहानपणी आईच्या मागे उभं राहून मान पुढे काढायचा, तशीच त्यानं आताही काढली. भटांनी उपरणं खाली घेतलं आणि डोळे मिटले. ते काहीच वाईट बोलले नाहीत, यावरून वास केवढा असेल याचा सुब्रायाला अंदाज आला.

"कसा आहे गं?" त्यानं सगळ्यांसमोर विचारलं.

सिंचनानं घाई केली नाही. "जिरं आहे. मग कापूर येतो, पण हळू. आणि सगळ्यात शेवटी काहीतरी गार आहे, त्याला नाव नाही."

सुब्रायानं मान डोलावली. ते गार त्याला माहीत होतं. जुन्या झाडालाही ते होतं, आणि त्यालाही त्याचं नाव कधी सापडलं नव्हतं.

"या झाडाच्या काड्या मिळतील का कलमाला?" भटांनी विचारलं. सवयीनं त्यांचं तोंड सुब्रायाकडे होतं. अर्ध्या वाक्यात त्यांना काहीतरी सुचलं आणि ते मुलीकडे वळले. "म्हणजे... साकव काय, चार हात खाली सरकवता येईल. तू सांगशील तेव्हा येतो मी काड्या न्यायला."

दोन वर्षं सुब्राया ज्या क्षणाला भीत होता, तो हा होता. तो असा, सगळ्यांसमोर, लोणच्याच्या बरणीशेजारी आला. त्याला वाईट वाटलं, आणि त्यानं ते लपवलं नाही.

"मला नका विचारू," सिंचना भटांना म्हणाली. "मला फक्त वास येतो. काडी कधी काढायची, कुठल्या फांदीची, झाडाला दुखू न देता कशी, ते दोड्डज्जाला माहीत आहे. मी अजून शिकतेय."

भटांनी मान पुन्हा सुब्रायाकडे वळवली आणि ते त्याच्या उत्तरासाठी थांबून राहिले.