परूशी नेहमी आमच्याच वस्तीतले

"तुला काळं लावायची गरज न्हाय गं. हाय तशी शोभतीस."

पाळकबाई, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या पत्नी, हसत म्हणाल्या आणि काजळाची डबी त्यांनी मिटली. चर्चमागच्या खोलीत सगळे हसले. मीही हसले, कारण रडायची लाज वाटली.

गुड फ्रायडेचं नाटक होतं. लोहाऱ्याकडच्या आमच्या गावात येशू आणि त्याचे शिष्य व्हायची ती मिशनच्या बंगल्याशेजारची, शिकल्यासवरल्या घरची पोरं. परूशी, म्हणजे येशूशी वाद घालणारे यहूदी धर्मपंडित, व्हायचो आम्ही मांगवाड्यातले. आमच्या आजोबांनीही त्याच चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला होता. पण लोकरीची दाढी आणि काजळ आमच्याच वाट्याला. येशू ओरडायचा, "ढोंग्यांनो!" लोक टाळ्या वाजवायचे. नंतर वर्षभर शाळेच्या वाटेवर पोरं मला परूशी म्हणून चिडवायची.

पुढं मी शिकले. त्याच चर्चमध्ये रविवारचा मुलांचा वर्ग घेऊ लागले. शिकवायचं म्हणून बायबलातलं शुभवर्तमान, म्हणजे येशूची कहाणी, नीट वाचलं आणि डोकं भणाणलं. येशू स्वतः यहूदी. आई यहूदी, शिष्य यहूदी. तो परूश्यांच्या घरी जेवायचा. राजा तुझ्या जिवावर उठलाय, ही खबर त्याला परूश्यांनीच दिली. तो खवळला तो आपल्याच लोकांवर, घरातला माणूस घरच्यांवर खवळतो तसा. आणि आमच्या चर्चनं काय केलं? त्याचे शब्द परक्यांवर ढकलले आणि हात झटकले. ढोंगी म्हणजे यहूदी. आणि यहूदी म्हणजे मांगाची पोरं.

यंदा परूश्याचं काम माझ्या मुलीला दिलं. मी नव्या पाळकसाहेबांकडं गेले. ते म्हणाले, "काम म्हंजे काम. त्यात जात कुठं आली?"

"मग तुमच्या लेकाला करा परूशी. आन् येशू यहूदी होता, हे आधी लोकास्नी सांगा."

ते हळूच म्हणाले, "मला ठाऊक हाय, ताई. पर हे वर्गात काढायचं न्हाय. काढायचं असंल तर वर्ग सोडा."

ठाऊक होतं त्यांना. तेच मला झोंबलं. मी उठताना म्हणाले, "वर्ग सोडणार न्हाय."

माझी मुलगी परूशी होणार नाही. वस्तीतलं कुठलंच पोर काजळ फासून तिथं उभं राहणार नाही. येत्या रविवारी, येशू परूश्यांना फटकारतो तोच अध्याय मी घेणार आहे. ढोंगी कोण, असं पोरांनी विचारलं तर यहूद्यांकडं बोट दाखवणार नाही. आपल्या चर्चकडं दाखवीन. त्यात मीही आले. दाराला कुलूप घातलं तर बाहेर पायरीवर बसून शिकवीन.