हंड्रेड परसेंट कमिटेड

माझ्या नातीसाठी आलेला एक फोन मी घेतला, आणि तिला जिवापाड हवं असलेलं कॉलेज त्या फोनवरच घालवून बसले. तेही एका इंग्रजी शब्दापायी. नागपूरच्या शाळेत तीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या बाईने हे केलं, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कोणाला माझी दया यायला नको.

तेव्हा मी चौसष्ट वर्षांची होते. आता ऐंशीला टेकले आहे, त्या मानाने तेव्हाची मी तरुणच म्हणायची. तोरा तर विशीतला. कॅनडात मिल्टनला मुलाकडे येऊन मला दोन हिवाळे झाले होते. मुलगा आणि सून सकाळच्या ट्रेनने टोरोंटोला ऑफिसला जायचे, नात शाळेत जायची, मग घराची आणि घरच्या फोनची मालकीण मीच. फोन वाजला की कडक इस्त्रीच्या आवाजात मी म्हणायची, “हॅलो, हू इज ऑन द लाइन प्लीज?” कार्पेट धुणाऱ्या कंपनीच्या एका बाईचं तर मी व्याकरण सुधारून दिलं होतं. तिने पुन्हा कधी फोन केला नाही. मला वाटलं, शिकली.

नात बारावीला होती आणि सॉकर खेळायची. तिची जागा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचाव. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पोरीला मागेच सोडून दिलं की काय. पण पोट्टी पळायची भारी. तिला अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये खेळायचं होतं. एकाच, दुसरी कुठली नाही. तिथलं मैदान ती एकदा बघून आली होती आणि तेव्हापासून त्याचा फोटो तिच्या पलंगाशी चिकटवलेला होता.

ती भरती कशी होते ते मला मुलाने समजावलं. कोच लोक टुर्नामेंटला येतात, मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसतात, हातात मुलींच्या नंबरांची यादी. मुलींनी आपण होऊन त्यांना ई-मेल करायचे, आपल्या खेळाची डीव्हीडी पाठवायची, फॉर्मात उंची, वजन, मार्क, घरचा फोन नंबर लिहायचा.

“अरे, हे तर कांदेपोहे!” मी म्हणाले. “पत्रिका तेवढी राहिली.”

“आई, प्लीज, तिच्यासमोर असं बोलू नको,” मुलगा म्हणाला. “ती टेन्शनमध्ये आहे.”

डीव्हीडीसाठी तो मैदानावर शूटिंग करत होता तेव्हा मीही मदत केली. दोनदा कॅमेऱ्यासमोरून चालत गेले आणि एकदा लाडवाचा डबा आडवा धरला. उरलेल्या भागात माझा आवाज आहे: “अवं, पळ ना! उभी काहून राहिली?”

ऑक्टोबरच्या टुर्नामेंटला त्या युनिव्हर्सिटीचा कोच आला. मॅच संपल्यावर तो नातीशी हात मिळवून बोलला, एक-दोन आठवड्यांत फोन करतो म्हणाला. त्या दिवशी गाडीत ती सगळ्या रस्ताभर गात होती.

फोन आला नोव्हेंबरमध्ये, सकाळी अकराच्या सुमाराला. ती शाळेत, तिचा सेलफोन बंद, म्हणून त्याने घरचा नंबर लावला. मी कुकरचा गॅस बारीक केला आणि इस्त्रीचा आवाज लावला. त्याने नाव सांगितलं, युनिव्हर्सिटी सांगितली. तिचा खेळ आम्हाला फार आवडला म्हणाला. मग जरा चाचरत त्याने विचारलं,

“मॅम, इज शी कमिटेड?”

आता कमिटेड म्हणजे काय हे मला विचारता? मन लावून काम करणारी, निष्ठावान. तीस वर्षं मी लोकांच्या प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहिलेत.

“यस सर!” मी म्हणाले. “शी इज व्हेरी कमिटेड. हंड्रेड परसेंट कमिटेड!”

मग तो म्हणाला, “ओ. वेल, कन्ग्रॅच्युलेशन्स. आय गेस वी वेअर टू लेट.”

“नेव्हर माइंड,” मी उदारपणे म्हणाले. “वी आर ऑल्सो ऑफन लेट.”

तो हसला, बिचारा, आणि त्याने फोन ठेवला.

अभिनंदन केलं म्हणजे निवड झाली, असा हिशेब मी लावला. मग हे घरात सांगितलं का नाही? कारण आमच्या घरची रीत. काम पक्कं होऊन हातात कागद येईस्तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही, दृष्ट लागते. माझ्या नोकरीची ऑर्डर आली तेव्हा माझ्या आईने ती दोन दिवस पिठाच्या डब्यात ठेवली होती. मी देवापुढे साखर ठेवली आणि गप्प बसले. संध्याकाळी नातीने विचारलं, “आजी, एनी कॉल्स?” मी मिशीत हसले. मला मिशी नाही, पण तसंच हसले. म्हटलं, “येईल गं पत्र.”

पत्र आलं नाही. दहा-बारा दिवसांनी तिने न राहवून कोचला ई-मेल केला, मॅच बघायला आलात त्याबद्दल आभार, एवढाच. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं. तिला पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा. तिने ते कॉम्प्युटरवर उघडं ठेवलं आणि वर खोलीत निघून गेली. सुनेने वाचलं, मुलाने वाचलं. “नाही घेतलं तिला,” तो म्हणाला. मी म्हटलं, असं कसं होईल? त्याला वाटलं आजी प्रेमाने बोलतेय.

त्याच शनिवारी मला अर्थ कळला. हिवाळ्यात त्यांची प्रॅक्टिस हवेने फुगवलेल्या एका भल्यामोठ्या तंबूत चालायची, त्याला डोम म्हणत. तिथे टीममधल्या एका मुलीची आई निळापांढरा केक घेऊन आली होती. शेजारी बसलेल्या पंजाबी बाईला मी विचारलं, “बर्थडे है क्या?”

“नहीं आंटीजी, इनकी बेटी कमिट हो गई।”

“कमिट? क्या कमिट किया?”

“कॉलेज पक्का हो गया जी। कोच को जबान दे दी। अब दूसरा कोई कोच उसको पूछेगा भी नहीं।”

केकचा घास तोंडातच राहिला. म्हणजे त्या माणसाने विचारलं होतं, मुलीचं कुठे ठरलंय का? आणि मी ठणकावून सांगितलं होतं, हो, शंभर टक्के ठरलंय! कांदेपोहे म्हणून हसणारी मीच. कोणी दारात येऊन विचारावं आणि मुलीच्या आजीनेच स्थळ परतवावं, तसं झालं. तीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आले होते, ‘शी कमिटेड अ मिस्टेक’. पोरं वहीत उतरवून घ्यायची.

समोर नात बॉलमागे पळत होती. पळत कसली, पाय ओढत होती.

तेव्हाच उठून तिला बाजूला घ्यायला हवं होतं. मी केक संपवला. गाडीत सांगू म्हटलं, तर गाडीत टीममधली आणखी एक मुलगी होती. घरी गेल्यावर सांगू, तर मुलाचं डोकं दुखत होतं. सोमवारी तिची गणिताची टेस्ट. बुधवारी बर्फ पडलं, सगळे दारातलं बर्फ शोव्हलने उपसून दमले. खरं कारण त्यातलं एकही नव्हतं. माझं इंग्रजी चुकलं, हे मला घरात कोणाला कळू द्यायचं नव्हतं. ज्या सुनेला मी “स्केड्यूल नाही गं, शेड्यूल” म्हणून टोकत होते, तिच्यासमोर तर नाहीच. असे तीन आठवडे गेले. मी साखरेची वाटी देवापुढून उचलून चहात घातली आणि माझी मलाच लाज वाटली, पण तोंड उघडलं नाही.

नातीचं जेवण कमी झालं. प्रॅक्टिसला न जायची ती कारणं काढू लागली. सून रात्रंदिवस तिच्याकडे बघायची आणि मग माझ्याकडे बघायची, “आई, तुमच्याशी काही बोलते का ती?” असं विचारायची. मी नाही म्हणून मान हलवायची.

मग एका रविवारी दुपारी गराजमध्ये जुन्या कपड्यांची पिशवी भरताना मला दिसलं, नातीने आपले सॉकरचे बूट त्या पिशवीत टाकलेत. दान करायच्या पिशवीत. नवे होते, मातीसुद्धा धुतलेली होती.

“हे काय गं?”

“आय’म डन, आजी,” ती म्हणाली. “आय’म नॉट गुड इनफ. इट्स फाइन.”

मी बूट पिशवीतून काढले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फोन, कमिटेड, कन्ग्रॅच्युलेशन्स, डोममधला केक. ती तडक आत गेली, वडिलांना बोलावलं आणि त्यांच्याच समोर कोचला फोन लावला. मुलाने स्पीकर चालू केला. मी दाराशी उभी होते, बूट हातातच.

कोच सगळं ऐकून आधी हसला. मग त्याचा आवाज उतरला. तो म्हणाला, लेफ्ट बॅकची एकच जागा होती. तुझीच वाट बघत होतो, पण तुझं दुसरीकडे ठरलं असं समजून शोध चालू ठेवला. गेल्या गुरुवारी दुसऱ्या एका मुलीने होकार दिला. फार वाईट वाटतंय.

गेल्या गुरुवारी. म्हणजे डोममधल्या शनिवारी मी तोंड उघडलं असतं, तर ती जागा रिकामी होती. हे मला कळलं, मुलाला कळलं, आणि नातीलाही कळलं. मुलगा माझ्याकडे न बघता वर निघून गेला.

पुढे ती ओंटारियोतच एका कॉलेजात गेली, तिथल्या टीममधून खेळली, तिचं बरं चाललं. लोकांना मी तेवढंच सांगते. पण तिने मागितलं होतं ते दुसरं होतं.

त्या दुपारी फोन ठेवल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझं मराठी तिला कळायचं, पण उत्तर ती कायम इंग्रजीत द्यायची, कारण ती मराठी बोलली की मी तिचा प्रत्येक शब्द अडवून सुधारायची. त्या दिवशी ती मराठीत बोलली. सुधारायची माझी हिंमत झाली नाही, आताही जसंच्या तसं लिहिते.

“आजी, फोनचा मिस्टेक ओके आहे. पण मी तुला रोज विचारला, मी बॅड प्लेयर आहे का. आणि तू रोज बोलली, पोळी घे.”