सटवाजीचे पिवळे हात

वसमतच्या पलीकडं एक वाडी आहे. तिथं सटवाजी राहतो. माणूस पक्का ख्रिस्ती आणि नाव सटवाईचं! बाप्तिस्म्याला पाळकसाहेबांनी शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, चांगलंसं नाव काढून दिलं होतं, पण आजी म्हणाली, "देव एकच हाय, ते बराबर हाय. पर पाचवीला लेकराचं नशीब लिवून जाणारीला काहून नाराज करायचं?" झालं. शास्त्रातलं नाव चर्चमध्ये राहिलं आणि सटवाजी घरी आला.

या घरात नवा धर्म आणला तो सटवाजीच्या पणजोबानं. तो मेलेली ढोरं ओढायचा. गाव त्याच्या सावलीलासुद्धा लांबून जायचं. एकदा बैलगाडीतून कुणी गोरा पाद्री आला, त्यानं पांढरा हातमोजा काढला आणि उघडा हात पुढं केला. पणजोबानं मागं वळून पाहिलं. त्याला वाटलं, आपल्या मागं कुणी पाटील उभा असेल. मागं कुणीच नव्हतं. पुढच्या पावसाळ्याच्या आत वाडीतली त्याची सगळी भावकी ख्रिस्ती झाली. उपदेश काय होता ते पणजोबाला मरेपर्यंत नीट सांगता आलं नाही, हात मात्र त्यानं शंभरदा सांगितला.

त्या हातामागून घरात बरंच काही शिरलं. खुंटीवरची हलगी गेली, बाजाची पेटी आली. शास्त्र वाचता यावं म्हणून बाया अक्षर शिकल्या, आणि मग नवऱ्यांना शास्त्राचा आधार देऊन शिव्या घालू लागल्या. रविवारी माणसांना विसावा, तसा बैलांनाही. ते बैल इतके धार्मिक झाले म्हणतात, की रविवारी नुसतं जू दिसलं तरी बसकण मारायचे. लग्नातून हळद, कुंकू, अक्षता हद्दपार झाल्या. पहिली नवरी पांढऱ्या साडीत बाहेर आली तेव्हा गावातल्या बायांनी हंबरडा फोडला. त्यांना वाटलं, नवरदेव वाटेतच गेला. आणि पाया पडणं बंद झालं. उपासना सुटली की दारात लहानथोर सगळ्यांनी एकमेकांशी हात मिळवायचा. तो रिवाज आजतागायत चालू आहे.

आता अशा हळद सोडलेल्या घराचा हा वारस पोटासाठी काय करतो? तर हळद पॉलिश करतो! शिजवून वाळवलेली हळद लोखंडी ड्रममध्ये घालून गरागरा फिरवायची, वरची साल निघते, आत सोन्यासारखं कांड राहतं आणि सगळी धूळ बसते सटवाजीवर. त्याच्या हाताच्या भेगांत हळद मुरलीय. चहाचा कप पिवळा, गीतांच्या पुस्तकाचे कोपरे पिवळे. त्यात पॉलिशचा हंगाम आणि लग्नाचा हंगाम एकच.

त्याची लेक करुणा नर्स झाली आणि तिला जालन्याचं स्थळ आलं. मुलगा प्रज्ञेश, मास्तर. मुलाचे चुलते तातेराव म्हणजे तिकडच्या चर्चमंडळीतले वडीलधारे. इतके शिस्तीचे, की आमेनसुद्धा तालावर म्हणतील. बोलणी करायला आले, चहाची बशी घेताना त्यांना सटवाजीचा हात दिसला.

"तुमच्यात हळद चालू हाय का अजून?"

"न्हाई पाव्हणे, ही कामाची हाय."

"कामाची असो का रिवाजाची, अंगावर गेली की हळद ती हळदच. हळद लावली म्हणून आमचा आजा सख्ख्या बहिणीच्या लग्नाला गेला न्हाई. पोरीला हाताला धरून वेदीपाशी तुमीच आणा, पण हात स्वच्छ पायजेत. न्हाईतर मामाला आणू द्या."

सटवाजीनं हात पाठीमागं घेतले. करुणा पाळण्यात होती तेव्हापासून तो या एका चालण्याची वाट बघत होता. शेताच्या बांधावरून कोपर वाकडं करून, छाती काढून, एकटाच चालून तालीम करायचा. बांधावरची म्हातारी माणसं म्हणायची, सटवाजीला लकवा मारून राहिला वाटतं.

त्यानं काम बंद ठेवलं आणि हात घासायला बसला. राख झाली, रॉकेल झालं, विटेचा तुकडा झाला. मग बायको पद्माबाईनं डोकं चालवलं आणि धुण्याचा सोडा कालवून दिला. हात लालभडक झाले! शेजारची शकुबाई, हळदीकुंकवाच्या घरातली, कुंपणावरून बघत होती. ती पोट धरून हसली.

"अवो दाजी, हळदीत सोडा-चुना पडला की कुंकू हुतंय, लेकराला बी ठावं हाय! पणज्यानं हळद सोडली अन् तुमी घरात कुंकू पाडलं!"

घाबरून त्यानं लिंबू चोळलं, तर हात पुन्हा पिवळे. सोडा लावला की लाल, लिंबू लावलं की पिवळे. दिवसभर तो नुसता रंग बदलत बसला. शेवटी चिडून उठला आणि लग्नाच्या आदल्या दिवशी सरळ मशीनवर गेला. नाहीच निघत तर मालकाचा माल तरी कशाला अडवायचा?

अडचण सोडवली बँडवाल्या गुलाबसिंगनं. यांच्या लग्नात बँड नाही, तरी त्यानं आपले पांढरे हातमोजे आणून दिले. लग्नाच्या सकाळी तातेरावांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि होकारार्थी मान डोलावली.

मे महिना, चर्चवर पत्रा, पंखा एकच आणि तोही पाळकसाहेबांवर. करुणानं बापाच्या कोपरात हात घातला, त्यानं वरून तिची बाही धरली आणि दोघं चालू लागले. अर्ध्या वाटेवर मोजे घामानं चिंब झाले आणि पांढऱ्याचे पिवळे होत गेले. करुणाच्या पांढऱ्या बाहीवर चार बोटं उमटली. सटवाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो हात काढून घेऊ लागला.

"बाबा, सोडू नका," करुणा पुढं बघतच म्हणाली.

त्यानं सोडला नाही. इतका आनंद आणि इतकी शरम त्याला एका वेळी कधीच झाली नव्हती.

लग्न लागलं. आता रिवाजाप्रमाणे नवरीच्या बापानं दारात उभं राहून सगळ्यांशी हात मिळवायचा. सटवाजी उभा राहिला आणि त्यानं ओले मोजे काढून खिशात कोंबले. मोजा घालून हात मिळवायचा नसतो, एवढं या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेलं होतं. माणसं येत गेली, घामेजले हात हातात पडत गेले. शेवटी तातेराव आले आणि त्या हाताकडं बघत उभे राहिले.

"ऱ्हाऊ द्या पाव्हणे," सटवाजी हात मागं घेत म्हणाला. "रंग लागंल."

सगळी मंडळी थबकली. तातेरावांच्या कपाळावर घाम आला. हळद सोडलेल्या आज्याचा हा नातू! पण त्या आज्याचाही हात गाव धरत नव्हतं. चर्चच्या दारात राबणाऱ्याचा हात टाळायचा, तर मग हळद सोडून तरी काय कमावलं? त्यांनी सटवाजीचा मागं गेलेला हात ओढला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरला.

मग गडबडीत त्यांनी कपाळ पुसलं, गाल पुसले, प्रज्ञेशला जवळ घेऊन त्याचेही गाल कुरवाळले. बाकीचे वऱ्हाडी घाम पुसून आधीच पिवळे झाले होते. फोटोला उभे राहिले तेव्हा कुठं एकमेकांची तोंडं दिसली.

बाहेर मांडवाशी शकुबाई उभी होती. "पद्माबाई, आमच्यात नुसतं नवरा-नवरीला लावत्यात माय. तुमी तर समदं वऱ्हाड माखलं!"

तातेराव खोकले. मग त्यांनाच हसू फुटलं.

सटवाजीचं तिकडं लक्ष नव्हतं. तो आपला उजवा तळवा उन्हात धरून बघत होता. राखेनं, रॉकेलनं, सोड्यानं जे झालं नव्हतं ते झालं होतं. एवढ्या माणसांनी धरल्यावर हळद बरीचशी निघून गेली होती.