कोरा कागद

पहाटे रानडुकराने विठूकाकांच्या धाकट्या भावाची मांडी उभी फाडली. त्याला इस्पितळात पोचवून काका परतले आणि अंगणात ठासणीच्या बंदुकीसाठी दारू निवडायला बसले. दोन पुड्या त्यांनी लांब ठेवल्या होत्या. प्रत्येकीतली चिमूटभर पांढऱ्या कागदावर ठेवून ते पेटवत होते. पहिली चरचरत, धूर ओकत जळली आणि कागदाला काळं भोक पाडून गेली.

"ही कच्ची. नुसतो आवाज करतली," काका म्हणाले.

दुसरीचा एकच भपका उडाला. कागद होता तसाच कोरा.

"हीच. ही हाडात शिरतली."

भांडी आपटणारी, आयमाय उद्धरणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. त्यांना मी उगाच भ्यालो. त्यांचा राग त्यांच्याच कागदाला भोक पाडतो. जीव घेणारा राग डागसुद्धा ठेवत नसावा.

"दोन घास खावन् जावा," काकी दारातून म्हणाली.

"परत इल्यार जेवतंय," काका शांतपणे म्हणाले आणि बार ठासू लागले. भावाचं रक्त त्यांच्या मनगटावर सुकलं होतं. चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं.

मला त्या डुकराची दया आली.